वास येतोय का गं?

मैत्रिणींनो, गेली 22 वर्षं मी कराडमध्ये ब्लाउज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन, कटिंगचं टेबल, एक उभा आरसा आणि भिंतीला खुंट्यांवर टांगलेल्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या, एवढाच माझा पसारा. हे काम फार जवळून करायचं असतं. छाती, मुंढा, दंड यांचं माप घ्यायचं तर बाईच्या अंगाला हात लागतोच. त्यामुळे कोण कुठलं तेल लावतं, कोणाच्या घरी आज सुकट भाजली, कोण एस.टी.तून उतरून घामाघूम थेट इकडेच आलंय, हे मला न सांगता कळतं. पण त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही. गिऱ्हाईक लाजलं की तुटलं, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकायला मिळतं.

2024 च्या जुलै महिन्यात मात्र सगळं उलटं झालं. माझ्याकडे 10 वर्षांपासून येणाऱ्या एक शिक्षिका बाई माप द्यायला उभ्या होत्या. मी टेप घेऊन पुढे झाले तशी त्यांनी मान पलीकडे वळवली. मुंढ्याचं माप घेतलं, बाहीचं घेतलं, तरी मान तिकडेच. माप संपलं आणि त्यांनी धरून ठेवलेला श्वास सोडला, तो मला स्पष्ट ऐकू आला. गेल्या त्या पटकन. चहालाही थांबल्या नाहीत.

मी दार लोटून घेतलं. पदर नाकाशी नेला, काखेशी तोंड नेलं. मला काहीच कळेना. शेवटी लेकीला हाक मारली आणि विचारलं, "वास येतोय का गं माझ्या अंगाला?"

ती जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "अंगाला नाही गं आई. तोंडाला येतो. नेलपॉलिश रिमूव्हर सांडल्यासारखा. आठ दिवस झाले. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

भाकरी बंद, अंडी सुरू

आता हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगते. माझं वय 47, वजन 81 किलो. पाच वर्षांपासून शुगर. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी असते ना, ती 8.4 आली होती, म्हणून मार्चमध्ये डॉक्टरांनी जुन्या गोळीच्या जोडीला एक नवी गोळी लिहून दिली. आमचे हे साखर कारखान्यात नोकरीला, आणि बायकोला शुगर! यावरून नातेवाइकांत चेष्टा व्हायची. मीही हसायचे, पण मनात धास्ती होतीच. आपल्या देशात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त रुग्ण आहेत असा अंदाज 2023 साली इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या पाहणीतून पुढे आला. त्यातलीच मी एक.

वटपौर्णिमेला नणंदेचा मुलगा पुण्याहून आला. जिमला जाणारा, एकदम तब्येत बनवलेला. मला म्हणाला, "मामी, भात, भाकरी, साखर बंद कर. अंडी, चिकन, मटण, पनीर पोटभर खा. महिन्याभरात फरक बघ."

खरं सांगायचं तर मला ते ऐकूनच बरं वाटलं. आजवर जो तो मला 'खाऊ नको' सांगायचा. हा पहिलाच 'खा' म्हणणारा! शिवाय पुढे आखाड होता. आमच्याकडे आखाडात घरोघरी मटण शिजतंच. मटणाचा भाव रोज परवडणारा नव्हता, म्हणून मी अंडी आणि चिकनवर भर दिला. सकाळी तीन अंड्यांची पोळी, दुपारी चिकन सुकं, रात्री पुन्हा अंडी नाहीतर पनीर. भाकरी बंद. अख्खा मसूर म्हणजे माझा जीव की प्राण, तोही बंद.

पहिल्या आठवड्यात तीन किलो वजन उतरलं. मी हवेतच! ते बहुतेक पाणी होतं हे मला नंतर समजलं. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साखरेचा थोडा साठा असतो, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं आणि काटा खाली येतो.

पावडर, लवंग, बडीशेप

लेकीनं वासाचं सांगितल्यावर मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. दिवसातून तीनदा दात घासले. लवंग तोंडात धरली, बडीशेप चघळली. काखेत पावडर, वर लेकीचा डिओ. त्या सगळ्याचा मिळून आणखी वेगळाच वास यायला लागला असावा, कारण सासूबाई एकदा न राहवून म्हणाल्या, "अगं, पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा वास येतोय बघ तुझ्या तोंडाला." ह्यांनी तोंडानं काही म्हटलं नाही. फक्त रात्री कूस बदलून झोपायला लागले. ते मला जास्त लागलं.

आमच्या जाऊबाई माळकरी. त्यांनी निदान करून टाकलं, "रोज उठून कोंबडी खाल्ल्यावर अंगाला वास मारणारच."

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, लाजच वाटली. मी गिऱ्हाइकाला म्हणायला लागले, "मापाचा जुना ब्लाउज ठेवून जा, नव्यानं माप नको." भिशीला जायचं टाळलं. बसमध्ये खिडकीशी तोंड करून बसले. महिन्याभरात मी माणसांपासून दोन हात लांब राहायला शिकले. घामाचा, तोंडाचा वास येणं हा बाईच्या जातीला केवढा मोठा गुन्हा वाटतो, नाही का? पुरुषाला घाम आला तर तो कष्टाचा, बाईला आला तर ती गबाळी!

एकादशी

17 जुलैला आषाढी एकादशी होती. त्या दिवशी मांसाहार नाही, अंडंही नाही. आणि आपला उपास म्हणजे साबुदाणा, वरी, रताळं, बटाटा. सगळं पिठूळ, जे मी बंद केलेलं. मग खायचं काय? सकाळी मूठभर शेंगदाणे आणि कोरा चहा घेतला, तेवढ्यावर दिवस काढला. शुगरच्या गोळ्या मात्र नेमानं घेतल्या. त्या चुकवायच्या नाहीत, एवढंच मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मळमळ सुरू झाली, मग उलट्या. पोटात दुखायला लागलं. वाटलं, पित्त असेल. घरच्या मशीनवर साखर बघितली तर 172. मी म्हटलं, बघा, साखर तर ठीक आहे, झोपले की बरं वाटेल. तिसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या धाप लागायला लागली. जिना न चढता धाप! लेकीनं रिक्षा बोलावली आणि मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तपासायला वाकल्या आणि थबकल्या. मी ओशाळून तोंडावर पदर धरला. त्यांनी तो हातानं बाजूला केला, तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि म्हणाल्या, "श्वास सोड. अजून एकदा." महिनाभर जो तो माझ्यापासून लांब सरकत होता. जवळ येऊन वास घेणारं ते पहिलंच माणूस.

मग प्रश्न. काय खातेस? कधीपासून? भाकरी पूर्ण बंद? आणि मार्चमध्ये दिलेली नवी गोळी चालूच आहे? मी हो म्हटलं आणि त्या जवळजवळ ओरडल्याच, "अगं, मला एका शब्दानं विचारायचं नाही का?"

लघवीत पट्टी बुडवून बघितली. ती गडद जांभळी झाली. तासाभरात मी मोठ्या दवाखान्यात दाखल होते. एका हाताला सलाईन, त्यातून इन्सुलिन आणि बरोबर साखरही! शुगरच्या पेशंटला साखरेचं सलाईन लावलेलं बघून सासूबाई घाबरून गेल्या. चार दिवसांनी घरी आले.

तो वास नेमका कशाचा?

घरी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास समोर बसवून मला समजावलं. मला कळलं तसं तुम्हाला सांगते.

आपलं शरीर एरवी साखरेवर चालतं. भात, भाकरी, पोळी, बटाटा, सगळ्याची शेवटी साखरच होते. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. अंड्यात ती एक ग्रॅमसुद्धा नसतात आणि चिकन-मटणात जवळजवळ शून्य. म्हणजे मी एका झटक्यात साखरेचा पुरवठाच तोडला होता. मग शरीर साठवलेली चरबी जाळायला घेतं. घरातला गॅस संपला की आपण चूल पेटवतो ना, तसंच. स्वयंपाक होतो, पण चुलीला धूर होतो. चरबी जळताना लिव्हर कीटोन नावाचे पदार्थ तयार करतं. 'कीटो डाएट' हे नाव त्यावरूनच आलं. त्यातला एक म्हणजे अॅसिटोन. तो हवेत पटकन उडून जातो, म्हणून रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासातून बाहेर पडतो.

आणि हे अॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये वापरतात तेच! माझ्या लेकीचं नाक अगदी बरोबर होतं. सासूबाईंचंही, कारण हाच वास बऱ्याच जणांना अतिपिकल्या फळासारखा वाटतो. तो दातांतून येतच नाही, तर लवंग आणि टूथपेस्ट काय करणार? आणि मला स्वतःला का कळला नाही? रोजच्या वासाला नाक सरावतं. चुलीपुढे बसणारीला स्वतःच्या लुगड्याचा धूर कुठे कळतो?

म्हणजे तो वास कोंबडीचा नव्हताच. भाकरी नसल्याचा होता. पनीर आणि शेंगदाण्यावर राहून कर्बोदकं इतकीच तोडली असती तरी तो आला असता. तो मटणाचा समजून मी महिनाभर लाजत राहिले.

धडधाकट माणसानं कर्बोदकं कमी केली तर असा वास येतो आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत कमी होतो. त्यात जिवाला धोका नसतो. या आहाराला इतिहासही मोठा आहे. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या गृहस्थानं पाव, साखर, बिअर, बटाटे सोडून मांसावर भर देऊन वजन उतरवलं आणि 1863 मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी कीटो आहार सुचवला गेला. पुढे 1972 मध्ये डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांच्या पुस्तकानं तो घरोघरी पोचला. तेव्हा हा आहार म्हणजे थोतांड नाही.

घोळ झाला तो गोळीचा. मार्चमध्ये वाढवलेली गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढणारी होती. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी या गोळ्यांची नावं असतात, शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा. गोळी उत्तम आहे, अनेकांच्या हृदयाला आणि किडनीलाही तिचा फायदा होतो. पण एकीकडे भाकरी बंद, दुसरीकडे उरलीसुरली साखर गोळी बाहेर काढतेय आणि त्यात एकादशीचा कडकडीत उपास! शरीरात कीटोन इतके साठले की रक्त आम्लधर्मी झालं. याला डॉक्टर कीटोअॅसिडोसिस म्हणतात. वेळेवर उपचार झाला नाही तर माणूस दगावतो.

त्यातली फसवी गोष्ट अशी, की या गोळ्यांवर असताना साखरेचा आकडा फारसा न वाढताही हे होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2015 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. माझं मशीन 172 दाखवत होतं आणि मी निर्धास्त होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते मशीन साखर मोजतं गं, आम्ल नाही मोजत. आम्लाची खबर तुझा श्वास देत होता."

आणि मी ती खबर लवंग लावून दाबत होते.

मग मटणानं अंगाला वास येतच नाही का?

हे मी त्यांना मुद्दाम विचारलं, कारण जाऊबाईंचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. उत्तर एका शब्दात मिळालं नाही.

घामाचं असं आहे. अंगभर येतो तो घाम म्हणजे पाणी आणि मीठ, त्याला जवळजवळ वास नसतो. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांचा स्राव जरा स्निग्ध असतो. त्यालाही मुळात वास नसतो, पण कातडीवरचे जिवाणू तो फोडतात आणि त्यातून वास तयार होतो. आपण काय खातो याचा त्यावर थोडाफार परिणाम होतो.

प्राग शहरातल्या चार्ल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 17 पुरुषांपैकी काहींना दोन आठवडे मांसाहार दिला, काहींना मांसाशिवाय जेवण, आणि महिन्याभरानं अदलाबदल केली. त्यांच्या काखेत ठेवलेले कापसाचे पॅड 30 बायकांना हुंगायला दिले. मांस सोडलं तेव्हाचा वास बायकांना जास्त सुसह्य आणि सौम्य वाटला. झालं, जाऊबाई जिंकल्या!

पण थांबा. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातून 2017 मध्ये असाच एक अभ्यास आला. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्या पुरुषांच्या घामाचा वास बायकांना चांगला वाटला, हे त्यात होतंच. पण चरबी, मांस, अंडी जास्त खाणाऱ्यांचाही वास बरा ठरला आणि कर्बोदकं जास्त खाणाऱ्यांचा उग्र. म्हणजे आमच्या भात-भाकरीलाच दोष! आणि लसणाचा वास श्वासाला येतो हे आपण जाणतोच, पण लसूण खाल्ल्यानं काखेचा वास उलट बरा वाटतो, असं प्रागच्याच संशोधकांना 2016 मध्ये आढळलं. तेव्हा अमकं खाणाऱ्याच्या अंगाला वास येतोच, असा शिक्का कुणी कुणावर मारू नये. याच शिक्क्यावर आपल्याकडे घरं नाकारली जातात, डबे वेगळे बसवले जातात. प्रयोगातले आकडे बघितले तर त्यात 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' असं काही सापडत नाही.

एक मात्र मी माझ्या धंद्यातल्या अनुभवानं सांगते. जेवणापेक्षा कापडाचा वासाशी संबंध मोठा आहे. सिंथेटिक अस्तर लावलेला ब्लाउज दोनदा घातला की काखेत वास धरतो, सुती अस्तराचा धरत नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातही 2014 मध्ये 26 जणांना व्यायाम करायला लावून हे तपासलं होतं. पॉलिएस्टरचे कपडे सुतीपेक्षा जास्त वास मारत होते. तेव्हा अस्तराला चार पैसे जास्त गेले तरी सुतीच घ्या. आणि काखेत पिवळा, कडक डाग पडतो ना, तो नुसत्या घामाचा नसतो. घाम थांबवणाऱ्या डिओमधलं अॅल्युमिनियम आणि घाम मिळून तो पडतो. म्हणजे वासाच्या भीतीनं जितका डिओ फवाराल, तितका ब्लाउजचा मुंढा लवकर जातो.

आहार बदलणार असाल तर

वजनासाठी, शुगरसाठी बऱ्याच जणी आता भात-भाकरी कमी करतायत. जरूर करा. पण माझ्यासारखं भाच्याच्या भरवशावर करू नका. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या आणि मी अनुभवलेल्या चार गोष्टी:

• शुगरची किंवा बी.पी.ची गोळी चालू असेल तर आहार बदलायच्या आधी डॉक्टरांना भेटा. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नाव आठवत नाही म्हणून विषय सोडू नका. आणि स्वतःच्या मनानं गोळी बंदही करू नका.

• शुगर असताना कडक उपास करायचा असेल तर आधी विचारा. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तर गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना लगेच फोन करून विचारा.

• श्वासाला पिकल्या फळाचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आणि त्याबरोबर मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी यातलं काहीही असेल तर घरच्या मशीनवर साखर कितीही दाखवो, थेट दवाखाना गाठा. कीटोन तपासा असं स्वतःहून सांगा.

• नुसताच तोंडाला वास असेल तर पाणी वाढवा. तोंड कोरडं पडलं की जिवाणू वाढतात आणि जिभेवरच्या थरात प्रथिनं कुजून सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास वेगळा. तो टंग क्लीनर आणि पाण्यानं कमी होतो, तसा न झाल्यास दात-हिरड्या दाखवा.

• भाकरीबरोबर पोटात जाणारा चोथाही कमी होतो, मग बद्धकोष्ठ, गॅस. म्हणून मांसाहाराबरोबर पालक, मेथी, कोबी, काकडी, गवार ताटात हवीच.

• लघवी घट्ट आणि उग्र वासाची होत असेल तर आधी पाणी कमी पडतंय का बघा. या ग्लिफ्लोझिन गोळ्यांवर असताना लघवीतून साखर जाते, त्यामुळे खालच्या जागी बुरशीचा संसर्ग लवकर होतो. खाज, दह्यासारखा स्राव असेल तर लाजून घरगुती उपाय करत बसू नका.

चार म्हणता म्हणता सहा झाल्या, पण एकही गाळावीशी वाटत नाही.

आता

माझी ती गोळी डॉक्टरीणबाईंनी बदलली. आहारही त्यांनीच बसवून दिला. दोन्ही वेळेला अर्धी ज्वारीची भाकरी, वाटीभर आमटी किंवा उसळ, भरपूर भाजी, रोज दोन अंडी, रविवारी मटण. अख्खा मसूर परत आलाय, भात मात्र सणापुरता. वजन सावकाश उतरलं, वर्षभरात 74 वर आलं. तीन महिन्यांची साखर 6.9. भाच्याला मी रागावले नाही. त्यानं चांगल्या मनानं सांगितलं होतं, विचारायचं काम माझं होतं.

दवाखान्यातून आल्यावर एका रात्री मी ह्यांना विचारलं, "तुम्ही तरी सांगायचं ना." हे म्हणाले, "कसं सांगायचं? तू रडली असतीस." रडले असते, खरंच. पण रडून डॉक्टरांकडे गेले असते आणि एकादशीच्या आधी गेले असते. लेकीचंही तेच, सासूबाईंचंही तेच. सगळ्यांना कळत होतं आणि माझं मन जपायचं म्हणून सगळे गप्प होते. घरच्या माणसाच्या श्वासाचा, घामाचा, लघवीचा वास अचानक बदलला तर तो सांगायला हवा. टोमणा मारून नाही, चारचौघांत नाही. बाजूला घेऊन, "तुझी तब्येत दाखवून येऊ या का?" असं म्हणून.

त्या शिक्षिका बाई गौरी-गणपतीचे ब्लाउज घेऊन पुन्हा आल्या. मीच विषय काढला आणि सगळं सांगितलं. त्या बिचाऱ्या किती वेळ माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही कसलं औषध लावता दाताला. विचारलं असतं तर!"

त्यानंतर डिसेंबरमध्ये लग्नाच्या ब्लाउजसाठी एक तरुण बाई आली. माप घेताना तोच वास आला, पिकल्या केळ्याचा. 22 वर्षांत मी कुणाला असं विचारलं नव्हतं. टेप गळ्यात टाकला, तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ताई, रागावू नका, पण भात-भाकरी बंद केलीय का? आणि शुगरची कुठली गोळी चालू आहे का?"

तिला शुगर नव्हती. लग्नासाठी वजन उतरवत होती. पण तिनं मला दुसरंच विचारलं, अगदी हळू आवाजात, "काकू, खरंच वास येतो का हो? आमच्या घरी कुणी काही बोललंच नाही."

मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले.